कौशल्यांची तूट कशी मोजावी : होतकरू सर्वेक्षकांसाठी काही सूचना

उद्योगात स्थित्यंतर येऊ लागले की त्याच्या पुढे धावत कौशल्य-सर्वेक्षण येते. पेट्रोलची दुचाकी जाऊन विजेची येणार असे बोलले जाऊ लागल्यापासून पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात कामगारांना भविष्यासाठी सज्ज करू पाहणाऱ्यांची वर्दळ वाढली असून, गेल्या महिन्यात त्यातले एक पथक माझ्याही वाट्याला आले. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझा चौदा माणसांचा कारखाना आहे. दुचाकीच्या इंजिनात बसणारे व्हॉल्व्ह गाइड आणि रॉकर शाफ्ट आम्ही बनवतो. म्हणजे विजेच्या गाडीत ज्यांना जागाच नाही, नेमक्या त्या दोन वस्तूंवर आमची चूल पेटते. कोणते काम उद्या संपणार आणि कोणते नवे शिकावे लागणार, हे कुणी येऊन सांगणार असेल तर ते ऐकण्याची माझ्याइतकी निकड फार थोड्यांना असेल. पथक येऊन गेल्यावर मला जे ज्ञान झाले ते माझ्यापाशीच राहू नये, म्हणून या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या तुमच्यासारख्यांसाठी ते येथे नोंदवून ठेवतो.

पहिले पथ्य असे की कारखान्यात पाऊल टाकू नये. तेथे कूलंटचा वास येतो, धातूची टोकदार बर बुटाच्या तळव्यात रुतते आणि आपण बोललेले आपल्यालाच ऐकू येत नाही. बैठक एखाद्या हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात घ्यावी, तिला मालकांना आणि मनुष्यबळ अधिकाऱ्यांना बोलवावे आणि कामगारांना बोलवू नये. ज्याच्या हातातल्या कौशल्याची मोजदाद करायची, तोच समोर नसला म्हणजे चर्चेला एक मोकळेपणा येतो. आमच्या बैठकीत तो इतका आला की दोन तासांत 'लेथ' हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही.

प्रश्नावली इंग्रजीतच असावी.

तिच्यात भविष्याविषयीचे प्रश्न भरपूर घालावेत आणि ते ज्याला भविष्य ठाऊक असण्याची शक्यता सर्वांत कमी, त्यालाच विचारावेत. मला विचारलेला प्रश्न असा होता : '2030 साली आपणांस कोणत्या कौशल्याची किती माणसे लागतील?' मला पुढच्या महिन्याचे शेड्यूल या महिन्याच्या अखेरीस मेलने येते आणि त्यानंतर दहा दिवसांत ते बदलते. कोणते इंजिन कधी बंद होणार आणि त्याच्या जागी काय येणार, हे ज्या मोठ्या कंपनीला मी माल देतो तिच्या नियोजन विभागात ठरते, काही वर्षे आधी ठरते, आणि माझ्यासारख्या पुरवठादाराच्या कानावर ते सर्वांत शेवटी येते. त्या कंपन्यांचीही दमछाक होतेच. 2025 च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा विजेच्या गाड्या बनवणाऱ्यांची त्या चुंबकांवर चालणाऱ्या मोटारींसाठी किती धावाधाव झाली ते सर्वांनी पाहिले आहे. पण सर्वेक्षकाने अशा शंकांमध्ये अडकू नये. मी रकान्यात शून्य भरले, तर संगणकाने ते स्वीकारले नाही. रकाना रिकामा ठेवला, तर अर्ज पुढे सरकेना. शेवटी पथकातल्या तरुणाला फोन केला, तेव्हा तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, ''सर, अंदाजे टाका. आज शेवटची तारीख आहे.'' मी पंचवीस टाकले. पंचवीसच का, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. त्या दिवशी तारीख पंचवीस होती, एवढेच आठवते.

एकंदर आकडा मात्र अहवालात लाखांत सांगावा, कारण हजारांत सांगितला तर कुणी तपासायला जाईल.

कामांची नावे ठेवताना विशेष दक्षता घ्यावी. फिटर, टर्नर, मशिनिस्ट ही नावे आयटीआयमुळे 1950 पासून लोकांच्या तोंडी बसली असल्याने ती सर्वांना कळतात आणि म्हणून कटाक्षाने टाळावीत. 2013 मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आल्यापासून प्रत्येक कामाला एक पातळी असते. सर्वेक्षकाने पातळी विचारावी, काम विचारू नये. माझ्याकडे एक सेटर आहे. ऑपरेटर जॉब, म्हणजे घडवायचा नग, मशीनवर लावतो आणि काढतो. सेटर नवा जॉब आला की ड्रॉइंग वाचतो, प्रोग्रॅम बसवतो, इन्सर्ट म्हणजे कापणारे पाते निवडतो, त्याच्या मापाचा फरक म्हणजे ऑफसेट देतो आणि पहिला नग पास करून मगच मशीन ऑपरेटरच्या हाती सोपवतो. सेटर एक दिवस आला नाही तर चार सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी, मशीन उभी राहतात, आणि भोसरीत आज माणसांची टंचाई कशाची आहे असे कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारले तर हाच शब्द ऐकू येईल. यादीत 'सेटर' नव्हता. 'अन्य' होते, आणि 'अन्य' निवडल्यावर पुढे लिहायला वीस अक्षरांची जागा होती.

जुने अहवाल आणि जुने अनुभव वाचण्याच्या भानगडीत पडू नये, त्याने उत्साह मावळतो. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या असंख्यांना गिरणीची शिटी पुन्हा ऐकू आली नाही. साच्यावर, म्हणजे मागावर, तुटलेला धागा क्षणात ओवणाऱ्या त्या बोटांना दुसरे काय करता येईल, असे कुणी पद्धतशीर विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गिरण्यांच्या जमिनीची मोजणी मात्र चोख झाली. पुढे 1991 च्या आर्थिक सुधारणांनंतर केंद्राने 1992 मध्ये नॅशनल रिन्यूअल फंड काढला. बंद पडणाऱ्या आणि आकसणाऱ्या उद्योगांतल्या कामगारांना नवे काम शिकवावे, त्यांना पुन्हा उभे करावे, असा त्याचा उदात्त हेतू होता. प्रत्यक्षात त्यातला फार मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीची रक्कम चुकती करण्यात गेला, प्रशिक्षणाच्या वाट्याला शिल्लक आली, आणि 2000 मध्ये तो निधीच गुंडाळला गेला. अगदी अलीकडचे हवे असेल तर 1 एप्रिल 2020 घ्या. त्या दिवसापासून भारत स्टेज सहाची प्रदूषण-मानके लागू होणार, हे 2016 पासूनच जाहीर होते. बहुतेक दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन येणार, म्हणजे जेट काढून फुंकर मारणाऱ्या नाक्यावरच्या मेकॅनिकला स्कॅनर वापरायला शिकावे लागणार, हे कळायला सर्वेक्षणाची गरज नव्हती. हातात चार वर्षे होती. बहुतेक मेकॅनिक ते शेवटी गिऱ्हाइकाच्या गाडीवर आणि यूट्यूबवर शिकले.

आता प्रशिक्षणाकडे वळू. सर्वेक्षणातून कोणतीही माहिती पुढे आली तरी निष्कर्ष एकच काढावा, तो म्हणजे कामगारांत संवादकौशल्याचा अभाव आहे. हा निष्कर्ष फार सोयीचा आहे, कारण संवादकौशल्य शिकवायला मशीन लागत नाही, वीज लागत नाही, कच्चा माल लागत नाही. एक प्रोजेक्टर आणि एक उत्साही तरुण पुरतो. आमच्याकडे असे एक शिबिर रविवारी झाले. रविवारीच का, तर कामाच्या दिवशी घेतले असते तर पगाराचा प्रश्न आला असता. माझ्याकडून चार माणसे पाठवावीत असा आग्रह होता. त्यांत आमचे मामा गेले.

मामा सेंटरलेस ग्राइंडर, म्हणजे शाफ्टचे दांडे घासून गोल करणारे मशीन, चालवतात, सव्वीस वर्षे. ज्यांनी ते मशीन पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्यात जॉब कशालाही आवळलेला नसतो. दोन चाकांच्या मध्ये एका पट्टीवर तो नुसता फिरत असतो, आणि ती पट्टी किंचित वर-खाली झाली की दांडा तीन कोपऱ्यांचा होऊ लागतो. गंमत अशी की मायक्रोमीटर लावला तर माप सगळीकडे बरोबर येते. दांडा गोल नसतो आणि तरी मापात बसतो. हा दोष व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेत दांडा ठेवून, डायल लावून पकडावा लागतो. मामा त्याआधीच मशीनचा आवाज ऐकून आणि दांडा दोन बोटांत फिरवून पकडतात आणि पट्टी सारखी करतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मामांच्या हातचा शाफ्ट तीन-चार मायक्रॉनच्या पलीकडे गेल्याने परत आला, असे माझ्या आठवणीत दोनदाच घडले आहे. आणि मुद्दा असा आहे की हे कौशल्य पेट्रोलबरोबर मरणारे नाही. विजेच्या गाडीतल्या मोटारीलाही शाफ्ट असतो, त्यावर बेअरिंग बसायच्या जागा तितक्याच काटेकोर घासाव्या लागतात, आणि ती मोटार पुष्कळदा इंजिनापेक्षा वेगाने फिरते. इंजिनाच्या आवाजाखाली जी गिअरची घरघर लपून जात होती ती विजेच्या गाडीत लपत नाही, त्यामुळे तेथे ग्राइंडिंग आधीपेक्षा सरस लागते. रॉकर शाफ्ट जाईल. तो बनवणारा हात हवाच आहे. मामांना शिकायला हवे ते एवढेच की लांब आणि पायऱ्यांचा शाफ्ट सिलिंड्रिकल ग्राइंडरवर कसा धरावा, नव्या मशीनचा पॅनेल कसा वाचावा, आणि ड्रॉइंगवरची नवी चिन्हे कोणती. तीन महिन्यांचे काम आहे, फार तर चार.

त्या मामांना, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्या रविवारी टायची गाठ मारायला शिकवली. स्वतःची ओळख इंग्रजीत कशी करून द्यावी ते शिकवले. सोमवारी ते मशीनपाशी उभे होते, मला म्हणाले, ''शेठ, त्या पोरानं विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता? मी म्हटलं, ह्याच मशीनवर, शेठनी ठेवलं तर. सगळे हसले.'' दुपारी त्यांच्या हाती एक प्रमाणपत्र आले. त्यावर त्यांच्या नावाचे स्पेलिंग चुकले होते आणि कौशल्य म्हणून 'सहायक' असे लिहिले होते.

सहायक! सव्वीस वर्षे ज्याच्या बोटांवर माझा कारखाना उभा आहे, त्याला दोन तास गोष्टी सांगून तुम्ही सहायक ठरवलेत, आणि हे करताना तुमच्यातल्या एकालाही त्याला विचारावेसे वाटले नाही की बाबा, तू करतोस काय? पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची योजना या देशात आहे, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तिचे स्वतंत्र अंग आहे. कल्पना उत्तम आहे. पण मान्यता द्यायची तर आधी ज्ञान पाहावे लागते, आणि ते पाहायचे तर मशीन चालू असताना तेथे उभे राहावे लागते. सकाळी आठ ते साडेचार, एक दिवस. काय बिघडले असते? त्या एका दिवसात तुम्हाला दिसले असते की चौदांपैकी सहा माणसांचे काम थोड्या शिक्षणाने तसेच पुढे चालणारे आहे, चौघांना मुळापासून नवे काही शिकावे लागेल, दोघे तोवर निवृत्त होतील, आणि उरलेले दोघे तरुण आहेत, त्यांना स्टेटरचे वाइंडिंग, म्हणजे मोटारीच्या स्थिर भागावर तार गुंडाळणे, किंवा बॅटरी पॅकची जुळणी शिकवली तर ते आनंदाने शिकतील. असे पन्नास कारखाने पाहिले असतेत तर भोसरीत कोणता वर्ग कुठे काढायचा हे कळले असते. तुम्ही त्याऐवजी माझ्याकडून पंचवीस हा आकडा घेतलात.

आणि मोठ्या कंपन्यांनो, तुम्हीही ऐका. कोणता भाग कधी बंद होणार याची यादी तुमच्या कपाटात आहे. ती दोन वर्षे आधी पुरवठादारांना दिलीत तर तुमचे कोणतेही गुपित फुटणार नाही, कारण आमच्यातले कुणी गाडी बनवणार नाही. ती दडवून ठेवायची आणि सर्वेक्षणाच्या उद्घाटनाला व्यासपीठावर बसून कुशल मनुष्यबळ मिळत नाही अशी तक्रार करायची, हा दुटप्पीपणा आहे.

आम्ही लहान कारखानदार तरी कोण मोठे धुतल्या तांदळासारखे? शेजाऱ्याचा सेटर दोन हजार जास्त देऊन पळवायचा आणि आपल्याकडे एकाही पोराला शिकवायचे नाही, हा आमचा धंदा आहे. 1961 च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार मिळतात, त्यांना आम्ही झाडू आणि पॅकिंग देतो. मामांच्या हाताखाली आज एकही पोरगा नाही. हे कोणत्याही सर्वेक्षणाने केलेले नाही, मी केले आहे, आणि मामांची नोकरी आता दोन वर्षे उरली आहे.

काल त्याच नम्र तरुणाचा पुन्हा फोन आला. जिल्ह्याच्या एकूण मागणीचा आकडा थोडा कमी पडतो आहे, तर आपले पंचवीस चाळीस करता येतील का, असे तो विचारत होता. येणार नाहीत. आधीचे पंचवीसही खोटे आहेत, ते खोडा. खरी माहिती हवी असेल तर सोमवारी सकाळी आठला या, आणि येताना पायांत जाड तळव्याचे बूट घाला.