दहा टक्के, पन्नास टक्के आणि आमची दीड वर्षांची भाची

‘वाचलेलं फक्त 10 टक्के लक्षात राहतं, पाहिलेलं-ऐकलेलं 50 टक्के. पुस्तकांत वेळ फुकट घालवू नका. पहिल्या वर्षापासून शैक्षणिक कार्यक्रम लावा, मूल लवकर बोलेल, इंग्रजीही आपोआप येईल. परदेशात हे सिद्ध झालंय. पुस्तकांनी तर चष्मा लागतो, आणि आईबापांना वेळ कुठे असतो?’ हा मेसेज आमच्या डिचोलीच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा येतोय. मी गप्प बसले असते, पण वहिनीने तो मनावर घेतला. आता भाचीला भरवताना समोर टॅब उभा असतो आणि चित्रांची पुस्तकं कपाटावर गेलीत.

आधी ते टक्के. ते एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या नावावर खपवले जातात. डेलने 1946 साली ‘अनुभवांचा शंकू’ (शिकण्याचे प्रकार प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंत क्रमाने लावणारी आकृती) मांडला खरा, पण त्यात टक्के नव्हतेच, ते मागाहून चिकटवले गेले. दहाच्या पाढ्यातले इतके गुळगुळीत आकडे कुठल्या प्रयोगातून निघतात, हे फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही? शिवाय दीड वर्षांचं मूल वाचत नसतं हो, त्याला वाचून दाखवतात!

आता खरी घातक गोष्ट: ‘मूल लवकर बोलेल’. बाळं भाषा कशी शिकतात याच्या अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी 2003 साली यावर थेट प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं, कानावर फक्त इंग्रजी. चिनी बोलणारी माणसं त्यांच्यासमोर बसून पुस्तकं वाचायची, खेळणी दाखवायची. अशी 12 सत्रं झाली. बाळांना चिनी भाषेतले बारीक ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं, पण पडद्यावर. त्यांना काहीही आलं नाही. चिनी न ऐकलेल्या बाळांइतकीच ती कोरी राहिली. बाळ नजरेला नजर देणाऱ्या माणसाकडून शिकतं, आणि पडदा काही बाळाकडे बघून थांबत नाही.

आमच्याकडे याचा नमुनाच आहे. भाची ‘यलो, यलो’ असं सुरात म्हणते, सगळे टाळ्या वाजवतात. मी देवापुढची पिवळी शेवंती तिच्या हातात देऊन विचारलं, ‘यलो खंय गो?’ तिने फूल तोंडात घातलं आणि टॅबकडे बघितलं.

‘परदेशात सिद्ध झालंय’ हा मुद्दा अर्धा खरा आहे, कबूल करते. ‘सेसमी स्ट्रीट’ हा अमेरिकन टीव्ही कार्यक्रम 1969 मध्ये सुरू झाला आणि तो बघणाऱ्या मुलांची शाळेची तयारी सुधारली, असं अभ्यासांत दिसलं. पण तो कार्यक्रम तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, संशोधकांना सोबत घेऊन बेतलेला. तो दाखला दीड वर्षांच्या पोरीला लावायचा? बाळांसाठी म्हणून विकल्या गेलेल्या ‘बेबी आइनस्टाइन’ डीव्हीडींचे पैसे परत करायची तयारी डिस्नेला 2009 मध्ये दाखवावी लागली, हे मेसेजात का नाही? जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची शिफारस वर्षाच्या मुलाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास, अशी आहे.

‘पुस्तकांनी चष्मा लागतो’ म्हणे. आणि टॅब काय मैलभर लांब असतो? डोळ्यांची काळजी असेल तर पोराला अंगणात सोडा.

राहिला ‘आईबापांना वेळ कुठे असतो?’ हा मुद्दा. सकाळची बस धरून पणजीला नोकरीला जाणाऱ्या वहिनीला मी काय शिकवणार? पण घरात आजी आहे. तिने चित्रावर बोट ठेवून ‘पळय गो, माजर!’ म्हटलं तरी पुरे, छापलेली ओळ वाचायलाच हवी असं कुठे आहे? पुस्तकं विकत घ्यायचीही गरज नाही. पणजीतल्या पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग आहे, आणि वहिनीचं ऑफिस तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर.