‘अठरापर्यंत कामच बंद’ वाल्या फॉरवर्डला उत्तर

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. “आम्ही चौदाव्या वर्षी कारखान्यात लागलो, काय झालं आम्हाला? आता कायदा अठरापर्यंत पोरांना कामच करू देत नाही, म्हणून हाताला कौशल्य नाही आणि गरिबाची कमाई बुडाली.” पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी कायदा उघडून बघितला देव जाणे.

‘कामच करू देत नाही’ हे तर साफ खोटं. अठराची अट धोक्याच्या कामाला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७३ चा करार साध्या कामाला १५ वर्षं म्हणतो (काही देशांना १४ ची मुभा) आणि शाळा सांभाळून हलकं काम तर १३ पासूनही चालतं. भारतातसुद्धा १४ ते १८ वयाला खाणी, स्फोटकं अशी यादीतली कामं बंद आहेत, सरसकट सगळी नाहीत.

‘पोरगं धडधाकट आहे की!’ असेल, पण प्रश्न ताकदीचा नाहीच ना. मशीनचं गार्ड, मास्क, हातमोजे हे सगळं मोठ्या माणसाच्या मापाचं, आणि पट्ट्यात काहीतरी अडकलं की मशीन बंद न करता हात घालायचा मोह नव्या पोराला जास्त होतो, त्यात मुकादम “चल आवर” म्हणाला की नाही म्हणायची हिंमत कुठून येणार. अमेरिकेत मांस कापायच्या स्लायसरला अठराच्या आतल्यांनी हात लावायचा नाही, एवढंच काय, सुटे केलेले भाग हाताने धुवायचेही नाहीत. वाचायला अति वाटतं, पण पातं सुटं असलं तरी धार तीच असते.

‘आम्हाला काय झालं?’ ज्यांना झालं ते मेसेज लिहायला बसलेत का! शिवाय दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बहुतेकदा दहा-वीस वर्षांनी कळतो, आणि आवाजाने गेलेले कान परत येत नाहीत.

कौशल्याचं म्हणाल तर त्याच करारात प्रशिक्षणाला वेगळी वाट ठेवलीय, नीट शिकवून आणि सुरक्षेची खात्री करून १६ पासून धोक्याच्या कामालाही देश परवानगी देऊ शकतात. फुकट राबवून घेणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, हे मात्र मालकांना पटत नाही.

कमाईचा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. नुसत्या बंदीने चूल पेटत नाही, घराला दुसरा आधार लागतोच. पण पोर स्वस्तात मिळतं म्हणून तर बापाची मजुरी दाबली जाते, आणि बोटं गेली की ती कमाईही जाते.

कायद्यावर टीकाच करायची तर शेतीवरून करा की! जगातली बहुतेक बालमजुरी शेतीत आहे, आणि अमेरिकेत शेतीतल्या धोक्याच्या कामाला वयाची अट १६ वरच संपते, स्वतःच्या आईबापाच्या शेतात तर तीही नाही, म्हणजे बारा वर्षांचं पोर ट्रॅक्टरवर बसलं तरी चालतं.