‘काळ थांबलेलं खेडं’ आणि मालीतल्या विहिरी

एक मजकूर पुन्हा फिरायला लागलाय. म्हणणं असं: पश्चिम आफ्रिकेतली खेडी पिढ्यान्‌पिढ्या होती तशीच आहेत, एकत्र कुटुंबाच्या ओझ्याने माणूस गरीब राहतो, लोकांना जमिनीची कदर नाही, पोरं वाढली म्हणून रान उजाड झालं. सोबत एका झोपडीचा फोटो.

एका फोटोवरून बदल कळत नसतो. मालीत सेगूच्या बाजूला द्लोंगेबुगू नावाचं बाम्बारा लोकांचं गाव आहे. कॅमिला टूलमिन या ब्रिटिश अर्थतज्ज्ञ १९८० ते १९८२ तिथे राहिल्या आणि २०१६ मध्ये त्याच घरांचा, त्याच शेतांचा हिशेब घ्यायला परत गेल्या.

‘होती तशीच’? या काळात वस्ती जवळपास तिप्पट झाली. मोटारसायकली, मोबाइल, सौर पॅनल आले. तिळाचा पैसा हातात खेळू लागला.

एकत्र कुटुंब ओझं? पन्नास-साठ माणसांचं घर असलं की एक आजारी पडला तरी निंदणी अडत नाही, आणि उन्हाळ्यात दोघं-तिघं शहरात कमवायला जाऊ शकतात. एकट्यादुकट्याला हे जमत नाही. भांडणं असतातच, ती कुठे नसतात!

जमिनीची कदर नाही, हे वाचून मात्र हसू आलं. या लोकांनी पदरचे पैसे घालून शेतात विहिरी खणल्या, आणि त्या ओलितासाठी नव्हेत. पाऊस सरला की फुलानी गुराखी कळप घेऊन उतरतात. विहिरीचा मालक त्यांना पाणी देतो, बदल्यात गुरं त्याच्या शेतात बसतात. सकाळी वावरभर शेण. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या बसवतात तोच प्रकार, फक्त तिथे मोबदला पाण्याचा. या खतावर गावालगत लवकर येणारी बाजरी घेतात, लांबच्या रानात उशिराची. पावसाने एकीला दगा दिला, तर दुसरीची आशा राहते.

राहिला लोकसंख्येचा मुद्दा. तो अर्धा खरा आहे. जमीन पडीक ठेवून तिला विसावा द्यायची सोय आता उरली नाही, पीकही पूर्वीसारखं उतरत नाही. पण जमिनीवरचा ताण नुसत्या पाळण्यांनी वाढलेला नाही. नायजर नदीच्या बाजूला उसाच्या मोठ्या प्रकल्पात ज्यांची शेतं गेली, ते शेतकरी कसायला जमीन शोधत या गावाकडे आले. मजकुरात पोरांची मोजदाद आहे. उसाचा उल्लेख नाही.