मूकपट धावत नव्हते, आपण पळवले

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपांवर आला. सोबत अर्ध्या मिनिटाची क्लिप: हॅट घातलेली माणसं मुंग्यांसारखी रस्ता ओलांडताहेत आणि मागे पियानो टणटणतोय. मजकूर साधारण असा: 'जुने मूकपट म्हणजे दुडदुड धावणारी माणसं, ना आवाज ना रंग, डोळे वटारून केलेला अभिनय. 1927 मध्ये पहिला बोलपट आला आणि एका रात्रीत हा प्रकार संपला. त्यात जपण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून आज ते फारसे उरलेले नाहीत.' खाली हसणारे चेहरे आणि 'अगदी खरंय'.

डोकं फिरलं ते शेवटच्या वाक्याने. पण सुरुवातीपासून घेऊ.

आधी ते धावणं. तेव्हा कॅमेरामन कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचा. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्याला आठ फ्रेम, म्हणजे सेकंदाला 16. हा झाला नियम. प्रत्यक्षात हात कमीजास्त फिरायचा, आणि विसाच्या दशकात तो वेग वाढत 20च्या पुढेही गेला. बोलपट आल्यावर हे भागेना. चेहरा जरा भरभर हलला तर डोळा चालवून घेतो, पण आवाजाची पट्टी सरकली की कान लगेच पकडतो. म्हणून 24 फ्रेम हा वेग पक्का झाला आणि पुढच्या प्रोजेक्टरांना तेवढाच येत राहिला. आता 16ने टिपलेली माणसं 24ने सोडा. दीडपट वेगात कोणीही हास्यास्पदच दिसणार, तुम्हीआम्हीसुद्धा.

त्या काळचे थिएटरवाले सगळे साव होते असं नाही. दिवसात एखादा खेळ जास्त बसवायला तेही प्रोजेक्टर पळवायचे. विनोदी पाठलागात तर कॅमेरामन मुद्दाम हळू हँडल मारायचे, म्हणजे पडद्यावर धांदल दिसावी. पण ती ठरवून केलेली गंमत. क्लिपमधले ते पादचारी बिचारे विनोद करत नव्हते. मी ती क्लिप फोनवरच 0.75 वेगाने लावून पाहिली. माणसं चालायला लागली. एक बाई पदपथावर चढण्याआधी थांबून मागच्या मुलाचा हात धरते, हे मला आधी दिसलंच नव्हतं.

'ना आवाज' याला उत्तर द्यायलाही फार वेळ नको. थिएटरात शांतता कधीच नव्हती. खेडेगावात एखादा पियानो, मोठ्या शहरात पूर्ण वाद्यवृंद. 'मेट्रोपोलिस' हा जर्मन मूकपट 10 जानेवारी 1927ला बर्लिनमध्ये पहिल्यांदा लागला तेव्हा संगीतकार गॉटफ्रीड हुपर्ट्झने खास त्यासाठी रचलेलं संगीत समोर बसून वाजवलं गेलं. जपानमध्ये पडद्याशेजारी 'बेन्शी' उभा असायचा: तोच निवेदक, तोच नायक, तोच नायिकेचा आवाज. लोक नटापेक्षा बेन्शीचं नाव बघून तिकीट काढायचे. बोलपट आल्यावर पोटावर पाय आला तो या लोकांच्या, हजारो वाजवणाऱ्यांच्या आणि बोलणाऱ्यांच्या.

रंगाचं प्रकरण मात्र मला स्वतःला फार उशिरा कळलं. कॉलेजात आम्ही जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा 'नोस्फेराटू' (1922) पाहिला, काळ्यापांढऱ्या खरखरीत प्रतीवर. त्यात सरदार ऑर्लोक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून विस्बोर्ग गावातून लगबगीने जातो. भर उन्हात! भिंतींवर चांगल्या ठसठशीत सावल्या. आणि शेवटी हाच पिशाच्च सकाळच्या उन्हाने मरतो. आम्ही पोट धरून हसलो. दिग्दर्शक आपलीच गोष्ट विसरला, असं आमचं ठाम मत झालं.

विसरला नव्हता. तेव्हाच्या फिल्मवर रात्री बाहेर काही नीट टिपता येत नसे. म्हणून दिवसा चित्रण करायचं आणि प्रत बनवताना ती रिळं निळ्या रंगात बुडवायची. निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. ही भाषा तेव्हाच्या प्रेक्षकाला पाठ होती, कारण बहुतेक चित्रपट असेच रंगवलेले असत. पुढे जुनी रिळं जपायची म्हणून काळ्यापांढऱ्या फिल्मवर उतरवली गेली आणि निळी रात्र गेली ती गेलीच. काही वर्षांनी रंग परत दिलेली प्रत पाहिली. तीच शवपेटी, तेच गाव, आणि कोणी हसलं नाही.

अभिनयाबद्दल मजकूरवाल्याचं थोडं मान्य. वाईट नट तेव्हाही भरपूर होते, आणि वाईट नट आवाजाशिवाय जास्तच वाईट दिसतो. पण ते काळे ओठ आणि काजळलेले डोळे हा सगळा अभिनयाचा दोष नाही. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल ते काळं पडायचं, निळे डोळे पांढरेफटक व्हायचे, म्हणून चेहऱ्यावर थर चढवावे लागत. लालसकट सगळे रंग करड्या छटांत पकडणारी फिल्म हाताशी आली तेव्हा दिग्दर्शक ड्रायरने 'जोन ऑफ आर्क'मध्ये (1928) नटी फाल्कोनेटीला रंगरंगोटीशिवाय उभं केलं आणि कॅमेरा तिच्या तोंडाशी नेला. पापणीवरचं पाणी, फुटलेले ओठ, बाकी काही नाही. डोळे वटारणं त्यात शोधून दाखवा.

आता ती 'एक रात्र'. 6 ऑक्टोबर 1927, न्यूयॉर्क, 'द जाझ सिंगर'. हा पूर्ण बोलपट नाहीच. गाणी आहेत, पण सलग बोलणं जेमतेम दोन मिनिटांचं. बाकी सगळं मूकपटासारखंच, पडद्यावर लिहून दाखवलेल्या पाट्यांवर. नायक अ‍ॅल जॉल्सन पियानोवर बसून आईशी लाडे लाडे बोलत असतो, तेवढ्यात बाप दारात येऊन ओरडतो, 'थांब!' आणि चित्रपट खरोखरच थांबतो, बोलायचा. पुन्हा पाट्या सुरू. संगीत जोडलेला 'डॉन जुआन' तर आदल्याच वर्षी येऊन गेला होता.

पुढेही रात्र काही संपेना. 1929च्या पहिल्या ऑस्करला सर्वोत्कृष्ट ठरला तो 'विंग्ज', मूकपट. चॅप्लिनने 1931 मध्ये 'सिटी लाइट्स' संवादाविना काढला. जपानी दिग्दर्शक ओझूचा पहिला बोलपट 1936चा. शांघायमध्ये नटी रुआन लिंगयूचा 'देवी' आला 1934 मध्ये, तोही मूक. आपल्याकडे 'आलम आरा' 14 मार्च 1931ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, पण त्या वर्षी देशात निघालेले बहुतेक चित्रपट मूकच होते. कोल्हापूरची प्रभातसुद्धा त्या वर्षी 'चंद्रसेना' हा मूकपटच काढत होती. तिचा बोलपट 'अयोध्येचा राजा' पुढच्या वर्षीचा.

राहिलं ते शेवटचं वाक्य. उरले नाहीत हे खरं आहे. अमेरिकेत 1912 ते 1929 मध्ये निघालेल्या पूर्ण लांबीच्या सुमारे 11 हजार मूकपटांपैकी मूळ स्वरूपात उरलेत फक्त 14 टक्के. पण ते दर्जा पाहून गाळले गेले, हे कुठून काढलं? तेव्हाची फिल्म नायट्रेटची; ती पेट घेते, विझवता येत नाही. 1937 मध्ये न्यू जर्सीत फॉक्स या चित्रपट कंपनीचं अख्खं गोदाम असं जळालं. बाकीचं कंपन्यांनी स्वतः टाकलं, काहींनी रिळांतली चांदी काढून विकली. 'जोन ऑफ आर्क'ची निगेटिव्ह 1928 मध्येच जळाली, आणि मूळ आवृत्तीची प्रत निघाली 1981 मध्ये, ओस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात.

'मेट्रोपोलिस' तर प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच कापला गेला. तोडलेला भाग 2008 मध्ये ब्युनॉस आयर्सच्या संग्रहालयात मिळाला, छोट्या 16 मिलिमीटर फिल्मवर, ओरखड्यांनी भरलेला. ते ओरखडे पूर्ण निघाले नाहीत, म्हणून आजच्या प्रतीत नवं दृश्य सुरू झालं की पडद्यावर पाऊस पडायला लागतो आणि कडेला काळी पट्टी येते. कुठला तुकडा कुठे बसतो, हे जुळवायला कामी आली ती हुपर्ट्झची स्वरलिपी. वाद्यवृंद चुकू नये म्हणून त्याने तिच्यात कोणत्या स्वराला पडद्यावर काय चाललंय, ते लिहून ठेवलं होतं.