ड्रोन आणि टुरिझमचा संबंध काय? म्हापशाच्या वाचकांना उत्तर

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, की वादळात मोबाईल टॉवर बंद पडले तर छोटा टॉवर लावलेल्या ड्रोनवरून तात्पुरतं नेटवर्क द्यावं, पर्यटकांचा विश्वास परत मिळवायचा तर जाहिरातीआधी हे हवं. त्यावरची तुमची कॉमेंट दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं, की पर्यटनाच्या मार्केटिंगचा रिसर्च आणि ड्रोनवरचं नेटवर्क ही मी उगाच बांधलेली मोट आहे, ड्रोन उडवून कोण गोव्यात येतो, आधी कचरा आणि टॅक्सीचं बघा. कचऱ्याबद्दल वाद नाही. आणि 2019 च्या सप्टेंबरात ब्रिटनची थॉमस कूक ही ट्रॅव्हल कंपनी बुडाली नि चार्टर विमानं आटली, तेव्हा ड्रोनचा काडीचा उपयोग नव्हता, हे मी पोस्टमध्येच लिहायला हवं होतं.

पण मी बोलत होतो वादळाबद्दल. तौक्ते आठवतंय ना, 16 मे 2021? आमच्याकडे कोरगावला नागपूरचं एक जोडपं राहिलेलं, वर्क फ्रॉम होम करत, कोविडच्या कर्फ्यूमुळे अडकलेलं. लाईट गेली ती गेलीच, संध्याकाळपर्यंत टॉवरची बॅटरीपण संपली. तिकडे त्यातल्या मुलीची आई टीव्हीवर पडलेली झाडं बघत बसलेली आणि पोरीचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी मी तिला स्कूटरवर मागे बसवून, वाटेत आडवा पडलेला काजू ओलांडून, वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठारावर, घेऊन गेलो. सिग्नलची एक काडी आली. आईशी दोन मिनिटं बोलली, त्यातलं दीड मिनिट रडण्यात गेलं.

आता सांगा, त्या आईला पुढच्या महिन्यात बीचचं रंगीत पोस्टर दाखवून काय होणार? पर्यटनाचे अभ्यासक फॉकनर यांची 2001 ची मांडणी मी त्यासाठीच घेतली होती. त्यात आपत्तीचे सहा टप्पे आहेत, आणि वीज, रस्ते, संपर्क या सेवा परत सुरू करणं हे लोकांचा विश्वास परत मिळवण्याच्या आधी येतं. आपल्याकडे उलटं, जाहिरात पहिली.

आणि सड्यावर जे झालं तेच ड्रोन करतो हो. उंचावर गेलं की मध्ये माड नाही, डोंगर नाही, सिग्नल सरळ लांबवर जातो, फक्त फार वर गेलात तर अंतर वाढून सिग्नल पातळ होतो आणि लांबच्या टॉवरांत लुडबुड सुरू होते, म्हणून किती उंची ठेवायची यावर इतके पेपर लिहिले जातात. ही हवेतली गोष्ट नाही (विनोद हेतुपुरस्सर नाही). 2017 मध्ये मारिया चक्रीवादळानं पोर्तो रिकोचं मोबाईल नेटवर्क जवळजवळ झोपवलं, तेव्हा एटी अँड टी कंपनीनं 200 फुटांवर असाच ड्रोन टांगला होता, जमिनीवरून केबलनं वीज आणि डेटा देऊन.

केबलशिवाय ड्रोन टिकणार नाही, हा तुमच्या कॉमेंटमधला मुद्दा बरोबर. नुसत्या बॅटरीवर ड्रोन साधारण अर्धा तास टिकतो, त्यावर गाव चालत नाही. मी 'दिवसभर उडणारे ड्रोन' असं मोघम लिहिलं ती माझी चूक, दुरुस्त केलंय. शिवाय वर ड्रोन असला तरी त्याला खालून इंटरनेट लागतंच, फायबर तुटली असेल तर सॅटेलाईटची डिश हवी, म्हणजे परत जनरेटर आणि डिझेल आलंच.

तुम्ही काढला नाहीत असा एक जास्त मोठा अडथळा मीच सांगतो. ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये (ड्रोनसाठी खुल्या हद्दीत) 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट, आणि त्याहून जवळ आलात तर परवानगीशिवाय काहीच नाही. आपल्या एवढ्याशा राज्यात दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळावर आणि वर उत्तरेला मोपा विमानतळ, तोही सड्यावरच. वादळानंतर परवानगीचे कागद फिरवत बसायचं तर लाईटच आधी येईल. म्हणून परवानग्या पावसाआधी, मे उजाडायच्या आत हातात हव्यात, एवढंच मी म्हणत होतो. त्या पोस्टमध्ये ते नीट उतरलं नाही, मान्य.

बाकी तौक्तेत तुमच्या म्हापशाला टॉवर कितव्या दिवशी चालू झाला ते जरा आठवून लिहा. आमच्याकडे चौथ्या.