निकालाआधीचे फेटे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

आपल्या कोल्हापुरातल्या पेठेतल्या मुलांच्या शाळेत दहावीच्या बॅचचा निरोप समारंभ फेटे बांधून, हलगी वाजवून झाला, त्यावर मी लिहिलं होतं. आपण स्वतः मुख्याध्यापक होतात, त्यामुळे आपली प्रतिक्रिया मी फार लक्ष देऊन वाचली. ‘परीक्षा व्हायची आहे, निकाल लागायचा आहे, मग फेटे कशाचे आणि हलगी कशाची? पोरांनी अजून कमावलंय काय?’ हा आपला मुख्य सवाल. त्याशिवाय खर्च, गाड्यांची रॅली आणि नुसतं मुलग्यांचंच कौतुक, असे तीन आक्षेप आपण घेतलेत.

मुख्य सवालावर माझं मत ठाम आहे. हा समारंभ निकालाआधीच व्हायला पाहिजे, कारण निकालानंतर तो होऊच शकत नाही.

२०२४ साली आपल्या कोल्हापूर विभागाचा दहावीचा निकाल ९७.४५ टक्के लागला. म्हणजे पास-नापास हा प्रश्न बहुतेक पोरांपुढं उरलेलाच नाही. आता त्यांना वेगळं करतात ते टक्के. निकालाच्या दिवशी नव्वदवाल्याच्या घरी पेढे येतात आणि चौकात क्लासच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो लागतो. पंचावन्नवाला त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशीसुद्धा येत नाही. पुढच्या दोन महिन्यांत एक सायन्सला जातो, एक डिप्लोमाला, एक आयटीआयला फिटरच्या ट्रेडला. कुणी गुजरीत, सराफांच्या पेठेत, चुलत्याच्या हाताखाली बसतो, कुणी शिरोलीच्या फाउंड्रीत लागतो, कुणी तालमीत मुक्कामाला जातो. दहा वर्षं एका बाकावर डबा खाल्लेली ही पोरं त्यानंतर भेटतात ती लग्नात, नाहीतर रंकाळ्यावर योगायोगानं. सगळे एका ओळीत, एकाच मानानं उभे आहेत असा शेवटचा दिवस हा निरोप समारंभाचाच असतो. त्या दिवशी कुणाचाही टक्का ठरलेला नसतो, म्हणून मला तो इतका मोलाचा वाटतो.

आणि हे एका बाकावर बसणं आपल्या गावात आपोआप आलेलं नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. १९१९ साली अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. रिक्षावाल्याचा, भाजीवालीचा, कारकुनाचा आणि दुकानदाराचा मुलगा आजही एकत्र शिकतो तो अशाच पेठेतल्या मराठी शाळेत. ज्यांना परवडतं ते पोरांना दुसरीकडं घालू लागलेत, हे आपल्यालाही दिसत असेल. म्हणून जी एकत्र राहिलीत त्यांच्या एकत्र असण्याचा सोहळा मला गरजेचा वाटतो.

आपल्याकडच्या फुटबॉलचंच घ्या. त्या वर्गात पाटाकडील तालमीच्या संघाची पोरं आहेत, खंडोबा तालमीची आहेत, दिलबहार तालमीची आहेत. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दोन-दोन दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. त्या दुपारी सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाचा फेटा होता, आणि तो बांधत होता वर्गातलाच एक मुलगा. अभ्यासात मागं पडणारा, पण फेटा बांधण्यात त्याचा हात धरणारा वर्गात दुसरा कुणी नाही. नव्वद टक्क्यांची आशा असलेली पोरं त्याच्यापुढं मान खाली घालून रांगेत उभी होती. दहा वर्षांत त्या पोराला शाळेत असा मान पहिल्यांदा मिळाला असेल.

‘मुलग्यांचंच कौतुक का?’ असं आपण विचारता. मुलींच्या शाळेतही हे तितक्याच थाटात व्हावं, यावर दुमत असायचं कारण नाही. मुलग्यांबद्दल मात्र मला एक सांगायचं आहे. आपण त्यांना लहानपणापासून ‘पोरासारखा पोर आणि रडतोस?’ असं म्हणत वाढवतो. सोळाव्या वर्षी त्यांना राग बरोबर दाखवता येतो. माया दाखवायची वेळ आली की पाठीत गुद्दा घालतात. त्या दिवशी शिपाई मामांना खुर्चीवर बसवून पोरांनी पहिला फेटा त्यांना बांधला. उशिरा आलेल्यांना फाटकातून आत घेणारे, डबा विसरलेल्याला आपल्यातली अर्धी भाकरी देणारे मामा. मग एक दांडगा मुलगा माईकवर आला, ‘सर, मी तुम्हाला लई त्रास दिला’ एवढंच म्हणाला आणि पुढं त्याला बोलता येईना. कुणीही हसलं नाही. सोळा वर्षांच्या चाळीस-पन्नास पोरांच्या घोळक्यात कुणीही हसू नये, हे शिक्षण कुठल्या पुस्तकात आहे, सर? हलगी, घुमकं, कैताळ त्यानंतर वाजलं आणि पोरं नाचली, तेही मला आवडलं. घशात दाटलेलं काहीतरी त्यांना मोकळं करायचं होतं.

अभ्यास बुडाल्याचं म्हणाल, तर सराव परीक्षा झाल्यानंतरची ती एक दुपार होती. खर्चही वर्गणीचा होता. ज्याला जमलं नाही त्याचं नाव कुठं वाचून दाखवलं नाही.

गाड्यांबाबत मी पूर्ण आपल्या बाजूचा आहे. ज्या समारंभावर मी लिहिलं त्यात रॅली नव्हती, पण इतरत्र सायलेन्सर काढलेल्या गाड्यांवर तिघं-तिघं बसून पोरं फिरतात, हे मीही पाहतो. दहावीच्या पोराकडं असल्या गाडीचं लायसन नसतंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीनानं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. किल्ली घरातूनच दिली जाते, म्हणून बोलायचं ते आईबापांशी. समारंभाच्या आठवडाभर आधी पालकांची सभा घेऊन हा कायदा वाचून दाखवावा आणि त्या दिवशी फाटकावर शिक्षकांनी उभं राहावं, ही आपली सूचना मी शाळेच्या मुख्याध्यापकांना आजच पाठवली आहे. सभेत बोलायला आपण याल का, असंही त्यांनी विचारायला सांगितलंय.