अमेरिकी गायक एल्विसच्या पुनरागमनाबद्दल खुलासा

‘३ डिसेंबर १९६८ ला एल्विस प्रेस्लीने टीव्हीवर थेट, एका दमात कार्यक्रम केला, त्याआधीची सात वर्षं त्याने फक्त टाकाऊ सिनेमागाणी गायली,’ असा मेसेज फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. चूक झाली.

ती या पुनरागमनाच्या कार्यक्रमाच्या प्रक्षेपणाची तारीख. चित्रीकरण जूनमध्येच कॅलिफोर्नियात बरबँकच्या एनबीसी या टीव्ही वाहिनीच्या स्टुडिओत झालं होतं. काळ्या चामड्याच्या पोशाखातली प्रेक्षकांसमोरची सत्रं चार, २७ आणि २९ जूनची. त्यांतले वेचक भाग जोडले गेले. मोठ्या नाचगाण्यांचं संगीत आधीच ध्वनिमुद्रित होतं. सगळी सत्रं पुढे प्रसिद्ध झाली आहेत, सलग ऐकली की हे कळतं. आणि तो गातोही जबरदस्त!

मेसेजचा दुसरा भाग, फक्त टाकाऊ सिनेमागाण्यांचा, मला जास्त खुपतो. १९६७ च्या ‘हाउ ग्रेट दाउ आर्ट’ या भक्तिगीतांच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं, त्याचं पहिलंच. ‘गिटार मॅन’ हे गाणंही त्याच वर्षी नॅशव्हिलमध्ये मुद्रित झालं आणि याच कार्यक्रमात परत वापरलं गेलं. म्हणजे आवाज हरवला नव्हताच. सिनेमांसाठीची बरीच गाणी मात्र खरंच सुमार होती.

कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच ही दुरुस्ती टाका.